पोट सुटलेल्या हंड्याचं पेटंट

घावनं आणि आंबोळ्या बिडाच्या तव्यावर जशा सुटतात तशा दुसऱ्या कशावर सुटत नाहीत. नवा तवा हाताला खरखरीत लागतो, कारण तो वाळूच्या साच्यात ओतलेला असतो. बीड ओतायची विद्या चीनमध्ये दोन हजार वर्षांहून जुनी. पण वाळूत ओतलेली स्वस्त भांडी इंग्लंडात घरोघरी गेली ती अब्राहम डार्बीमुळे.

ब्रिस्टलचा हा क्वेकर पितळेच्या धंद्यात होता. पितळी हंडा गरिबाला परवडत नसे. बिडाचा स्वस्त पडला असता, पण त्यासाठी चिकणमातीचा साचा थापा, वाळवा आणि ओतून झालं की फोडून टाका. डार्बीला नुसत्या वाळूत काम उरकायचं होतं.

अडचण होती हंड्याच्या पोटाची. तव्याचा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, वाळूतून सरळ उचलता येतो. तोंड अरुंद नि पोट सुटलेलं असलं, की पॅटर्न बाहेर येताना साचाच ढासळतो. मग पॅटर्न आणि वाळू भरायची पेटी दोन्ही तुकड्यांत करायची, पोकळीसाठी आत गाभा बसवायचा, आणि तो केसभरही सरकू द्यायचा नाही. नाहीतर हंडा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक. ही युक्ती डार्बीच्या हाताखालच्या जॉन थॉमस या वेल्श पोराला साधली. गुपित फुटू नये म्हणून दोघं दाराचं किल्लीचं भोकसुद्धा बुजवून काम करत, असं थॉमसच्या वंशजांत सांगत. 1707 साली पेटंट निघालं, अर्थात मालकाच्या नावावर!

पातळ भांड्याला रसही पातळ हवा. 1709 मध्ये कोलब्रुकडेलला डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, लोखंड वितळवलं. तिथल्या दगडी कोळशात गंधक कमी होतं, म्हणून ते जमलं. कोकच्या बिडात सिलिकॉन जास्त उतरे, त्यामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात धावे. कोकवरच्या लोखंडाचा जम असा तोफांवर नव्हे, स्वयंपाकाच्या हंड्यांवर बसला. इतिहासाच्या पुस्तकांनी या हंड्यांना फारच कमी जागा दिली आहे.

घडीव लोखंडवाल्यांना मात्र हा माल चालेना. त्यातलं सिलिकॉन काढून टाकणं महाग पडे, म्हणून पुढची चाळीसेक वर्षं बहुतेकांनी लाकडी कोळसा सोडला नाही. डार्बी 1717 मध्ये वारला. त्याच्या कारखान्यात पुढे न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनांची सिलिंडरं ओतली जाऊ लागली.