टोलेडोचे दुभाषे

माद्रिदहून सुटलेली वेगवान गाडी अर्ध्या तासात टोलेडोला पोचते. त्यामुळे बहुतेक पर्यटक सकाळी येतात, कॅथीड्रल बघतात, एल ग्रेकोची चित्रं बघतात, बदामाच्या मार्झिपानची खोकी घेतात आणि दिवेलागणीला परततात. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवरचं हे शहर तलवारींसाठी नावाजलेलं. बाराव्या-तेराव्या शतकांत मात्र दूरदूरचे विद्वान इथे पुस्तकांच्या शोधात यायचे. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणणं हा या शहराचा मोठा उद्योग होता आणि टोलेडोच्या इतिहासातलं सर्वांत अभिमानाचं पान तेच आहे.

1085मध्ये कॅस्टिलचा राजा सहावा अल्फोन्सो याने टोलेडो घेतलं. शहर करार करून शरण आलं होतं, त्यामुळे जाळपोळ टळली आणि ग्रंथ शाबूत राहिले. ते वाचणारी माणसंही उरली. मुस्लिम राजवटीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले इथले ख्रिस्ती, म्हणजे मोझाराब, अरबीच बोलत. ज्यूंमध्ये अरबी जाणणारे वैद्य आणि ज्योतिषी होते. घरं-मळ्यांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं ख्रिस्ती कुटुंबंसुद्धा तेराव्या शतकापर्यंत अरबीत करून घेत.

हे काम चालायचं कसं? अरबीत लिहिणारा वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना याच्या आत्म्यावरच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याचं उत्तर सापडतं. टोलेडोच्या आर्चबिशपला उद्देशून ती लिहिणारा अवेंदौत हा ज्यू विद्वान होता. तो सांगतो, की आपण अरबीतला एकेक शब्द बोलीभाषेत उच्चारत गेलो आणि डोमिनिकस हा चर्चचा अधिकारी तो ऐकून लॅटिनमध्ये उतरवत गेला. एकाला लॅटिन ग्रंथलेखनाचा सराव, दुसऱ्याला अरबीचा. दोघांमधला पूल म्हणजे बाजारात बोलली जाणारी साधी बोली. त्या बोलीतलं मधलं रूप कोणीच कागदावर उतरवलं नाही. ते बोललं गेलं आणि विरून गेलं. मागे राहिलं फक्त लॅटिन, आणि ते पॅरिसपर्यंत वाचलं गेलं.

इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्ड हा या मंडळींतला सर्वांत मोठा कामकरी. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लॅटिनमध्ये मिळेना, म्हणून तो टोलेडोला आला. इथली ग्रंथसंपदा पाहिल्यावर तो अरबी शिकला आणि इथेच राहिला. गालिब नावाचा मोझाराब त्याचा मदतनीस होता. ‘अल्माजेस्ट’ 1175मध्ये पुरा झाला. 1187मध्ये जेरार्ड वारला, तेव्हा शिष्यांनी त्याच्या भाषांतरांची यादी केली. ती सत्तरच्या वर गेली. त्यांतलाच इब्न सीनाचा ‘कानून’ युरोपच्या वैद्यकीय विद्यालयांत पुढे कित्येक शतकं शिकवला जात होता.

या वाटेवर भारतही भेटतो. आठव्या शतकात भारतीय ज्योतिषगणित बगदादला पोचलं. त्याच्या आधाराने अल्-ख्वारिझ्मीने ग्रहगणिताची कोष्टकं रचली आणि त्यांतला काही भाग अकराव्या शतकातल्या ‘टोलेडो कोष्टकां’त आला. पंचतंत्राचा प्रवास तर याहून रंजक आहे. संस्कृतातून पहलवीत, पहलवीतून आठव्या शतकात अरबीत आणि अरबीतून 1251च्या सुमारास कॅस्टिलियन भाषेत, ‘कलिला ए दिम्ना’ या नावाने. करटक आणि दमनक हे आपल्या ओळखीचे दोन कोल्हे असे स्पॅनिश बोलू लागले.

हे भाषांतर ज्याच्या आश्रयाखाली झालं, तो राजपुत्र पुढच्याच वर्षी दहावा अल्फोन्सो म्हणून गादीवर बसला. त्याचा जन्म टोलेडोचाच. त्याने लॅटिनचा आग्रह सोडला आणि थेट कॅस्टिलियनमध्ये ग्रंथ करवून घेतले. जी भाषा आधीच्या पिढ्यांत दोन विद्वानांमध्ये नुसती बोलली जात होती, तिला आता शाईचा मान मिळाला. येहुदा बेन मोशे आणि इसाक इब्न सिद या ज्यू विद्वानांनी तयार केलेली ‘अल्फोन्सो कोष्टकं’ पुढे युरोपभर वापरली गेली. कोपर्निकसच्या संग्रहात त्यांची छापील प्रत होती.

ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिमांच्या या सहवासाची खूण बघायची, तर ट्रान्सितो सिनेगॉगमध्ये जावं. चौदाव्या शतकाच्या मध्यावर राजाचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने ते बांधलं. आत भिंतींच्या वरच्या अंगाला गिलाव्यात कोरलेली नाजूक नक्षी आहे. तिच्यात हिब्रू ओळी आहेत, अरबी अक्षरं आहेत आणि कॅस्टिलच्या राजघराण्याची किल्ले-सिंहांची चिन्हंही आहेत.

1492मध्ये ज्यूंना स्पेन सोडण्याचा हुकूम निघाला आणि या कामातला एक हात तुटला. पुढच्या काही वर्षांतच टोलेडोचा आर्चबिशप सिस्नेरोस याने ग्रॅनाडाच्या चौकात अरबी पुस्तकांची होळी केली. अरबीतून आलेला ग्रंथ एके काळी याच धर्मपीठाला आदराने सादर झाला होता.

तरीही शहराची जुनी ख्याती लोकांच्या मनात टिकून होती. 1605मध्ये निघालेल्या सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या पहिल्या भागात निवेदकाला टोलेडोच्या बाजारात एक पोरगा अरबी लिहिलेल्या वह्या विकताना भेटतो. त्या वाचून दाखवायला एक मोरिस्को, म्हणजे बाटवून ख्रिस्ती केलेला मुसलमान, तिथल्या तिथे मिळतो. दोन आरोबा, म्हणजे सुमारे 23 किलो बेदाणे आणि दोन फनेगा गहू एवढ्या मोबदल्यावर तो दीड महिन्यात सगळं भाषांतर करून देतो. खरं तर आपली कादंबरी मुळात अरबीत होती, हे सर्व्हांतेसने रचलेलं सोंग. पण त्या सोंगासाठी त्याने बाजार निवडला तो टोलेडोचाच.

चारच वर्षांनी, 1609मध्ये, मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्याचं फर्मान निघालं आणि 1614पर्यंत सुमारे तीन लाख माणसं घालवून दिली गेली. 1615मध्ये कादंबरीचा दुसरा भाग आला. त्यात डॉन किहोतेचा सेवक सांचो याला वाटेत त्याचा जुना मोरिस्को शेजारी रिकोते भेटतो. यात्रेकरूचा वेश घेऊन तो चोरून स्पेनमध्ये परतलेला असतो, जाताना पुरून ठेवलेली पुंजी उकरून न्यायला.