तळटीप : के. के. रेंज

१. के. के. रेंज : अहिल्यानगरजवळ, खारे कर्जुने गावालगतचे लष्कराचे रणगाडा-गोळीबाराचे सरावक्षेत्र. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा नदी राहुरी तालुक्यात अडवली आहे. या सरावक्षेत्राच्या विस्ताराचा विषय निघाला की त्याच राहुरीसह पारनेर, नगरची गावे धास्तावतात. लेखकाचा ‘आमच्याच नदीकाठची धास्ती’ हा उल्लेख त्यावरून. २२ सप्टेंबर २०२० रोजी के. के. रेंजवर ‘अर्जुन’ रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेतून डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे स्वदेशी रणगाडाभेदी क्षेपणास्त्र डागून ३ किलोमीटरवरील लक्ष्य टिपले. तोफची लक्ष्यावर लेसरचा झोत धरतो. परावर्तित किरणांचा माग काढत अस्त्र जाते. आयात शस्त्रांवरील भिस्त कमी करण्याच्या धोरणात अशा चाचण्यांना मोल आहे.