हेलसिंकी ते टोकिओ : अंतर तेच, वेळ निराळी

अंतर आणि वेग दिला की भागाकार करून वेळ काढायची, हे गणित आपण सातवी-आठवीतच शिकवतो. हेलसिंकी आणि टोकिओ या दोन राजधान्यांनी मात्र त्याला चांगलेच चकवले आहे.

आधी अंतर पाहू. भिंतीवरच्या नकाशावर या दोन शहरांना सरळ रेषेने जोडले, तर ती कझाकस्तान, मंगोलियाकडून जाते. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तो वर सरकतो. हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि निम्म्या वाटेवर दोरा ६२ अंशांच्याही वर, ऐन सायबेरियात असतो. मुलांना हे खरे वाटत नाही. दोरा त्यांच्याच हाती द्यावा. हे लघुतम अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, म्हणजे जेट विमानाला साडेनऊ तासांची वाट.

परंतु सायबेरियाचे आकाश सोव्हिएत संघाचे होते. तेव्हा वळसा घालणे आले. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगन-टोकिओ सेवा उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातील अँकोरेज येथे थांबा घेऊन सुरू केली. त्या काळी खरी अडचण दिशेची होती. चुंबकीय ध्रुवाजवळ पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक इतका क्षीण होतो, की होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. शिवाय रेखावृत्ते तिथे एकवटतात. सरळ उडणाऱ्या विमानाचीही 'दिशा' दर काही मिनिटांनी बदलते. ध्रुवावर उभे राहिले तर सगळीकडे दक्षिणच! यावर तोड म्हणून नकाशावर ग्रिनिचच्या रेखावृत्ताला समांतर अशा चौकटी आखल्या, आणि दिशा धरून ठेवण्याचे काम जायरोस्कोपकडे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याकडे सोपवले.

फिनएअरने एप्रिल १९८३ मध्ये हेलसिंकीहून टोकिओपर्यंत न थांबता जाणारे डीसी-१० विमान सुरू केले. ते ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे आणि तिथून खाली जपानला जाई. दोऱ्याने मोजल्यास ही वाट किमान १०,७०० किलोमीटर भरते. वेळ सुमारे तेरा तास.

हा वळसा हौसेचा नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकोरेजहून सोलला निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले आणि २६९ माणसे गेली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला. त्या दशकात सायबेरियाची वाट मोकळी होत गेली आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. आशियाला जाण्याचा जवळचा रस्ता म्हणून हेलसिंकीच्या विमानतळाची भरभराट झाली, ती या दोऱ्याच्याच जिवावर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तसेच उत्तर दिले. मार्चमध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून टोकिओला निघाली. विमाने १९८३ पेक्षा कितीतरी सुधारलेली, वेळ पुन्हा तेरा तासांच्या आसपास. ध्रुव ओलांडल्याबद्दल प्रवाशांना प्रमाणपत्रेही वाटण्यात आली.

दक्षिणेकडून, मध्य आशिया आणि चीनवरून जाणारी वाटही आहे. वारा पाहून दोहोंपैकी एक निवडतात. रशियाला स्पर्श न करता तिकडूनही दोरा लावून पाहावा. किती पुरतो, ते मुलेच मोजतील.