कालखंड कुठे तोडायचा?

लिनक्स डेस्कटॉपच्या इतिहासात भांडण दिसतं ते परवान्याचं. १९९६ मध्ये केडीई सुरू झालं. त्याची क्यूटी लायब्ररी पूर्ण मुक्त नव्हती, म्हणून १९९७ मध्ये ग्नोम आलं. २००० मध्ये क्यूटीला जीपीएल परवाना मिळाला, वाद निवळला.

पण घरी वापरणाऱ्याचा प्रश्न वेगळाच होता: माझा गेम चालेल का? विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन १९९३ पासून होतं, पण खटपट फार. म्हणून कित्येकांनी गेमपुरतं विंडोज ठेवलंच. त्यांच्यासाठी वळण आलं २०१८ मध्ये, व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेलं प्रोटॉन स्टीममध्ये आणलं तेव्हा.

मग कालखंड २००० ला तोडायचा की २०१८ ला? प्रश्न कुणाचा, यावर ते ठरतं. आराखडा लिहायला बसाल तेव्हा आधी हेच ठरवा.