सारीपाट आणि वाळ्याची ताटी

मागच्या मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, पत्र्यावरून येणारी झळ थेट डोक्यात जाणारी. बहिणीचा मुलगा गार फरशीवर पालथा पडून मोबाइलकडे टक लावून बसला होता. खेळत मात्र काहीच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मामू, माझी बारी यायची आहे." राज्य चालवायचा, लढाईचा खेळ. चौघे मित्र चार गावांत. एकाने चाल केली की बाकीच्यांनी थांबायचं. "मग या उकाड्यात तू नुसता वाट पाहतोयस?" तो म्हणाला, "वाट पाहणं हाच तर खेळ आहे."

पोरगं सहज बोलून गेलं, पण मला आमच्या घरचा सारीपाट आठवला.

पट डोळ्यांसमोर आणा. फुलीसारखा, चार हातांचा, कापडाचा. प्रत्येक हाताला आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरं. चार खेळाडू, चार रंग, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. समोरासमोरचे दोघे भिडू. चौसर फाशांनी खेळतात, पचीस कवड्यांनी. पंचवीसच्या दानावरून 'पचीस' हे नाव पडलं. फाशांतल्या 'पौबारा' या दानावरून आपला 'पोबारा करणे' आला, असं मानतात. दान नशिबाचं, पण कोणती सोंगटी पुढे काढायची, कोणती दडवायची, भिडूसाठी स्वतःची सोंगटी कधी धोक्यात घालायची, हे डोक्याचं काम. आणि तीन जणांचं होईपर्यंत गप्प बसायचं, हे स्वभावाचं.

या गप्प बसण्याचा सर्वांत मोठा शौकीन बादशहा अकबर. त्याच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी' लिहिली. हत्तींच्या खुराकापासून भाजीच्या भावापर्यंत सगळं तिच्यात आहे, आणि चौसरही आहे. कधीकधी दोनशेवर माणसं खेळायला बसत, असं तो सांगतो. सोळा डाव पुरे केल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. काही वेळा हे तीन-तीन महिने चाले. ज्याचा धीर सुटेल, जो चुळबुळ करील, त्याला दारूचा एक प्याला प्यावा लागे. चौघांनी भागेना म्हणून अकबराने 'चंदल मंडल' खेळही मांडला. मधल्या वर्तुळाभोवती सोळा हात, सोळा खेळाडू, चौसष्ट सोंगट्या. म्हणजे आपली बारी आल्यावर पुन्हा यायला पंधरा जणांचं होऊ द्यायचं!

अबुल फजल म्हणतो, वरवर पाहता हा खेळ, पण बादशहा त्यातून माणसं जोखतो. दरबारी लेखकाला धन्याच्या चैनीतही शहाणपण दिसावं लागतं, हे मान्य. पण इथे मला त्याचं खरं वाटतं. माणूस चाल करताना सावध असतो. दुसऱ्याची चाल चाललेली असताना त्याचं बोट कसं वाजतं, नजर कुठे जाते, तिथे तो उघडा पडतो.

हे झालं एक पान. त्याच ग्रंथातलं दुसरं पान उन्हाळ्याचं आहे, आणि मी ती दोन पानं शेजारी ठेवून वाचतो.

या घराण्याला हिंदुस्थानचा उन्हाळा सोसला नाही. १५२६ च्या एप्रिलमध्ये बाबराने पानिपत जिंकलं आणि पुढच्याच महिन्यांत आग्र्याच्या उन्हाने त्याचं सैन्य हैराण झालं. सरदार काबूलला परत जाऊ या म्हणून हटून बसले. ख्वाजा कलान हा जवळचा माणूस तर खरोखर निघून गेला. इथे बर्फ नाही, गार पाणी नाही, चांगली फळं नाहीत, अशी तक्रार बाबराने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ज्याने इब्राहिम लोदीला हरवलं, त्याला लू ऐकत नव्हती.

नातवाने मात्र युक्त्या शोधल्या. सुरुंगाच्या दारूत जो सोरा आग पेटवतो, त्याच सोऱ्याने अकबराच्या आबदारखान्यात पाणी गार होई. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात सुरई फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. दरबार आग्रा-फत्तेपूरला असताना बादशहाचं पिण्याचं पाणी गंगेचं, सोरोंहून मोहरबंद घड्यांतून येई. पुढे दरबार लाहोरला गेला, तेव्हा उत्तरेच्या डोंगरातून बर्फ येऊ लागला. आणि वाळा! वाळ्याच्या मुळांच्या ताट्या करून खोल्या बांधायची रीत बादशहाच्या हुकमाने पडली, असं अबुल फजल म्हणतो. त्यांवर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा होतो.

पाणी शिंपडलं की. वाक्य असं आहे. शिंपडणारा त्यात नाही.

मी फत्तेपूर सिक्रीला गेलो तोही मे महिन्यातच. (शहाणी माणसं हिवाळ्यात जातात.) १५७१ च्या सुमाराला उभी राहू लागलेली ती राजधानी चौदा-पंधरा वर्षांत ओस पडली. तिथे एका चौकात लाल दगडात पचीसचा भलामोठा पट आखलेला आहे, मध्ये बसायला चौथरा. गाइडने नेहमीची कथा सांगितली: बादशहा मध्ये बसे आणि रंगीत कपडे घातलेल्या दासी सोंगट्या होऊन घराघरांतून चालत. सगळे वाहवा करत होते. मी बाजूला जाऊन चप्पल काढली आणि एका घरात पाय ठेवला. दहा आकडेसुद्धा मोजून झाले नाहीत. उडी मारून सावलीत आलो. आपली बारी नसताना त्या मुली कशा उभ्या राहत असतील?

काही अभ्यासक हा पटच अकबरानंतरचा मानतात, हे मला नंतर वाचायला मिळालं. इतिहासात एखादी सुंदर कथा डळमळली की वाईट वाटतं. या वेळी बरं वाटलं.

आता शिंपडणाऱ्याकडे येतो. मोगलांच्या इतिहासात पाणक्या एकदाच ठळक दिसतो. जून १५३९ मध्ये चौसा इथे शेरखानाने हुमायूनचा पराभव केला. हुमायून गंगेत बुडत असताना निजाम नावाच्या भिश्तीने त्याला वाचवलं. हुमायूनने शब्द पाळून त्याला काही काळ तख्तावर बसवलं. भावाला, कामरानला, ते मुळीच आवडलं नाही. पुढे भिश्ती पुन्हा पाण्याला लागला असावा. इतिहासात मात्र तो दिसत नाही.

माझे दादा, म्हणजे आजोबा, पखाली होते. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ते रेड्यावरून पाणी वाहत. उन्हाळ्यात कचेरीच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्या भिजवायचं काम त्यांच्याकडे असे. आत साहेब लोक, बाहेर दादा. ताटी तासाभरात वाळे. चैत्रापासून मिरगापर्यंत त्यांची दुपार ताटीच्या उन्हाकडच्या बाजूला गेली. कचेरीच्या दप्तरात ताट्यांचा खर्च लिहिलेला असेल. घरी त्यांच्याविषयी फक्त दादीचं बोलणं उरलं.

दादी सांगायची, उन्हं चढली की शेजारच्या बायका आमच्या ओसरीवर येत. माठ, ओलं फडकं, मध्ये पट. तीन बाजूंना तीन बायका. चौथी बाजू दादांची. त्यांच्या लाल सोंगट्या मांडलेल्या असत, पण त्यांचं दान कोणी टाकायचं नाही. बारी त्यांच्यापर्यंत आली की डाव थांबे. मग बायका वाती वळत, चिंचा फोडत, डुलक्या काढत. कोणी नवखी म्हणाली, "टाका की तुम्हीच," तर दादी म्हणायची, "आदमी का दान आदमीच फेंकेगा."

चारच्या पुढे दादा येत. रेडा बांधत, अंगरखा पिळून दोरीवर टाकत. ओल्या अंगाला वाळ्याचा वास असे, असं दादी प्रत्येक वेळी सांगायची. ते पटाजवळ बसत, कवड्या ओंजळीत घेत आणि विचारत, "कुणाची बारी?"