एकोणतीस अंकांची एक संख्या

व्यापारी पेठ म्हणून जालन्याचा लौकिक जुना आहे. रोजमेळ जुळल्याविना दुकान न मिटणारी पिढी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. पडताळणीची हीच दृष्टी आपल्या आचार्यांनी केवढ्या मोठ्या संख्येस लावली होती, त्याची ही हकीकत सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

'अनुयोगद्वारसूत्र' या आगमग्रंथात मनुष्यांच्या संख्येचा विचार आला आहे. तेथे त्या संख्येची ओळख तिच्या गुणधर्मांनी करून दिली आहे. ती एकोणतीस स्थाने व्यापते. दोनच्या सहाव्या वर्गास पाचव्या वर्गाने गुणिले असता ती मिळते. आणि ती ९६ वेळा निमपट करता येते.

दोनचा पहिला वर्ग ४, त्याचा वर्ग १६, पुढे २५६, ६५५३६, मग पाचवा ४२९४९६७२९६ आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. या शेवटच्या दोहोंचा गुणाकार ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ होतो. अंक मोजावेत, ते एकोणतीसच भरतात. पाचवा वर्ग ३२ वेळा व सहावा ६४ वेळा निमपट होऊन एकावर येतो. म्हणून त्यांचा गुणाकार ३२ अधिक ६४, म्हणजे ९६ वेळा. निमपटीच्या या गणनेस 'अर्धच्छेद' म्हणतात. आजच्या गणितात हाच दोन पायाचा लॉगॅरिदम होय. या वर्णनाचे महत्त्व असे की, लेखनिकाच्या हातून एखादा अंक चुकला तरी वर्णनावरून मूळ संख्या पुन्हा उभी करता येते.

'षट्खंडागमा'वरील 'धवला' टीकेत आचार्य वीरसेनांनी याच संख्येचा परामर्श घेतला आहे. प्रचलित गणनेनुसार ही टीका इ. स. ८१६ मध्ये, म्हणजे राष्ट्रकूट काळात पूर्ण झाली. मूळ सूत्रानुसार पर्याप्त मनुष्यांची संख्या कोटीच्या चौथ्या घाताहून कमी असावयास हवी. तो घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. त्याचेही अंक एकोणतीसच. परंतु आपली संख्या त्याच्या जवळजवळ आठपट आहे. केवळ स्थाने मोजून हा भेद कळत नाही. वीरसेनांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले आणि एवढे मनुष्य त्यात मावणार नाहीत असे दाखवून ती मोठी संख्या अग्राह्य ठरविली. परंपरेने आलेला आकडाही त्यांनी हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहिला.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेली ही 'धवला' आपल्याच महाराष्ट्रातील अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून प्रकाशित होऊ लागली. लखनौचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी तिच्यातील गणितावर लिहिले, आणि हे धन अभ्यासकांपुढे आले.

ताडपत्रे जपणाऱ्यांचे ऋण मोठेच आहे. त्यांतील हिशेब पुन्हा मांडून पाहणारा एखादा विद्यार्थी आपल्या घरांतून निघाला, तर त्या ऋणाची अंशतः तरी फेड होईल.