कच्छचे अ‍ॅमोनाइट आणि खडकांच्या वयाचा वाद

गाळाच्या खडकांचा कालक्रम त्यांतील जीवाश्मांवरून लावता येतो, हे इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच दाखविले होते. तथापि एका देशातील स्तर दुसऱ्या खंडातील स्तरांशी कितपत जुळविता येतील, हा प्रश्न शिल्लक होता. भारतात त्याची खरी कसोटी कच्छमध्ये लागली.

फर्डिनांड स्टोलिझ्का याने १८७१-७२ मध्ये कच्छची पाहणी करून तेथील स्तर पच्छम, चारी, कटरोल व उमिया अशा चार गटांत विभागले. त्यांतील अ‍ॅमोनाइटांचे वर्णन विल्हेल्म वागेन याने १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले. वागेन हा आल्बर्ट ओपेल याचा शिष्य. खडक वाळूचा की चुन्याचा हे गौण मानून केवळ जीवाश्मांच्या आधारे जुरासिक स्तरांचे बारीक विभाग पाडण्याची ओपेलची रीत त्याने कच्छला लावली. अ‍ॅमोनाइट या कामी विशेष सोयीचे; कारण त्यांच्या अनेक जाती समुद्रातून दूरवर पसरत, पण फार काळ टिकत नसत. (देवघरातील शाळिग्राम हाही बहुधा हिमालयातील अ‍ॅमोनाइटच असतो.) मॅक्रोसेफॅलाइटीस या प्रजातीमुळे चारी गटातील स्तर युरोपच्या कॅलोव्हियन स्तरांशी जुळले.

अडचण उमिया गटात आली. तेथील वनस्पती युरोपातील मध्य जुरासिक वनस्पतींसारख्या आहेत, असे ऑटोकार फाइस्टमांटेल याने १८७६ मध्ये प्रतिपादिले. परंतु त्या वनस्पतियुक्त थरांच्या खाली उत्तर जुरासिक काळातील सागरी जीवाश्म होते! खालचा थर वरच्याहून अर्वाचीन असणे शक्य नव्हते. तेव्हा दोहोंपैकी एक साक्ष बाजूस सारणे भाग होते. विल्यम ब्लॅनफर्ड याने १८८४ मध्ये माँट्रियल येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अशा विसंगतींचा परामर्श घेऊन सागरी जीवाश्मांना झुकते माप दिले. भूचर जीवसृष्टी भूभागांच्या तुटकपणामुळे अलग पडते, समुद्र मात्र परस्परांशी जोडलेले असतात, हा त्यामागील विचार रास्तच म्हणावा लागेल. पुढे कच्छचे हे वनस्पतियुक्त थर पूर्व क्रिटेशस काळातील, म्हणजे फाइस्टमांटेलच्या अंदाजाहून बरेच अलीकडचे, ठरले.

एल. एफ. स्पाथ याने १९२७ ते १९३३ या काळात वागेनच्या संग्रहाची फेरतपासणी करून अनेक नावे बदलली. गटांचा क्रम मात्र टिकला. अ‍ॅमोनाइट केवळ आधीचे-नंतरचे सांगतो. कॅलोव्हियनचा आरंभ सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वी झाला, हा आकडा किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मापनावर उभारलेल्या कालश्रेणीतून पुढे आला.